चिठ्ठी हातात आहे, गोळी सुरू करू का?

ताईचा फोन रात्री साडेदहाला आला. तिच्या पर्समध्ये अकरा दिवसांपासून एक चिठ्ठी घडी करून ठेवलेली होती. चिठ्ठीवर एस्सिटालोप्राम नावाची गोळी, आधी ५ मिलिग्रॅम, मग १०, आणि खाली "१५ दिवसांनी दाखवणे". दवाखान्यात अडीच तास नंबर लावून बसल्यावर डॉक्टरांशी बोलणं झालं ते सहा-सात मिनिटं. झोप, भूक, कामाची चौकशी झाली, "घाबरू नका, बऱ्या व्हाल" हेही ऐकायला मिळालं. पण ही गोळी नेमकं काय करते, किती दिवस घ्यायची, आणि नाही घेतली तर काय, हे तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मधल्या दिवसांत भाऊजी म्हणाले, आधी प्राणायाम करून बघ. बँकेतल्या मैत्रिणीने सांगितलं, माझ्या जावेला या गोळ्यांची सवय लागली. आणि फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत आला, की नैराश्याचं ते सेरोटोनिनचं शास्त्रच खोटं निघालं.

"घेऊ की नको, एवढंच सांग," ती म्हणाली.

मी डॉक्टर नाही, तेवढंच सांगणं माझ्या हातात नव्हतं. पण एका मोठ्या प्रश्नाचे लहान लहान प्रश्न करून देणं हातात होतं. पुढच्या दोन संध्याकाळी आम्ही तेच केलं. ताईसारखी चिठ्ठी अनेकांच्या पर्समध्ये आणि पाकिटात पडून असणार, म्हणून ते इथे मांडते आहे.

आधी हे: मन उदास आहे, की नैराश्य आहे?

"डिप्रेशन आलंय" हे आपण आता कशालाही म्हणतो. डॉक्टर हा शब्द वापरतात तेव्हा त्यामागे मोजमाप असतं. मन सतत खिन्न असणं किंवा कशातच रस न वाटणं, यांपैकी एक तरी हवंच. त्याच्या जोडीला झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, थकवा, लक्ष न लागणं, आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं, हालचाल मंदावणं किंवा जिवाची घालमेल, मरणाचे विचार. अशी एकूण किमान पाच लक्षणं, जवळजवळ रोज, कमीत कमी दोन आठवडे, आणि त्यामुळे रोजचं काम अडलेलं. घरात कुणी गेल्यावर येणारं दुःख यासारखंच दिसू शकतं, पण त्या प्रत्येक दुःखाला औषध लागत नाही.

आपल्याकडे नैराश्य बऱ्याचदा शरीराचा वेश घेऊन येतं. ताई डॉक्टरांकडे गेली ती डोकं जड असतं, अंग मोडून येतं, पहाटे तीनला जाग येते म्हणून. सकाळी कुकरची शिट्टी झाली की रडू फुटतं, आणि गॅस बंद करायला हात उचलत नाही, हे तिने मला सांगितलं. डॉक्टरांना नव्हतं सांगितलं. म्हणून माझं पहिलं म्हणणं हेच होतं, की पुढच्या खेपेला ही शिट्टीची गोष्ट त्यांना सांग.

तीव्रता मोजायला पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. गुण ० ते २७. साधारणपणे ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र आणि २० पासून तीव्र धरतात. ती घरी भरून निदान होत नाही, पण डॉक्टरांशी बोलायला हातात काहीतरी ठोस राहतं. आणि गोळीच्या आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ एकदा तपासून घ्यावं. थायरॉइड मंदावलेला माणूस हुबेहूब नैराश्याचा वाटू शकतो, आणि त्याची गोळी वेगळी असते. रोजची दारू असेल तर तीही लपवू नये, कारण दारू स्वतःच मन खाली ओढते.

तीव्रतेवर एवढा भर का? कारण निर्णयाची मोठी बाजू तिथेच ठरते. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेसाठी उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेने २०२२ साली स्पष्ट लिहिलं, की सौम्य नैराश्यात रुग्णाची स्वतःची इच्छा नसेल तर सरसकट गोळ्यांनी सुरुवात करू नये. बोलण्याच्या उपचारांपासून करावी. तीव्र नैराश्यात मात्र गोळी आणि बोलण्याचा उपचार दोन्ही मिळून देण्याकडे कल असतो.

गोळी करते काय?

मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मधे बारीक फट असते, आणि निरोप त्या फटीतून रसायनांच्या रूपाने जातो. सेरोटोनिन हे त्यातलं एक रसायन. निरोप पोचला की पाठवणारी पेशी ते परत शोषून घेते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही औषधं हे परत शोषणं अडवतात. या गटाला एसएसआरआय म्हणतात. आज नैराश्यासाठी बहुधा याच गटापासून सुरुवात होते.

फटीतलं सेरोटोनिन गोळी घेतल्यावर काही तासांतच वाढतं. गुण यायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. दुधात विरजण घालायला क्षण लागतो, दही लागायला रात्र जाते. घाई म्हणून विरजण दुप्पट घातलं तर दही आंबट होतं, आणि लागलंय का बघायला भांडं सारखं हलवलं तर ते लागतच नाही. मेंदूच्या पेशी त्या वाढलेल्या रसायनाशी हळूहळू जुळवून घेतात, नव्या जोडण्या होतात, असं आज मानलं जातं. चार दिवसांत फरक नाही म्हणून गोळी सोडणारे, आणि मनानेच दुप्पट घेणारे, दोघेही त्या भांड्याला हात लावत असतात.

मग "शास्त्र खोटं निघालं" ते काय?

व्हिडिओत सांगितलं होतं ते पूर्ण चूक नव्हतं. जुलै २०२२ मध्ये लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉनक्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या संशोधनाचा मोठा आढावा छापला. नैराश्याच्या रुग्णांमध्ये सेरोटोनिन कमी असतं, याला सातत्याने मिळणारा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. "तुमच्या मेंदूत एक रसायन कमी पडलंय, ते गोळीने भरून काढू" हे वाक्य कित्येक रुग्णांनी वर्षानुवर्षं ऐकलं. ते फारच सोपं करून सांगितलेलं होतं, आणि ते सोडून द्यायला हवं, असं मलाही वाटतं.

पण त्यावरून गोळीचा उपयोग नाही असं ठरत नाही. गुडघा शेकल्यावर बरं वाटतं, म्हणून गुडघ्यात उष्णता कमी पडली होती असं आपण म्हणत नाही. ही औषधं मुळात सापडली तीही कारण कळून नाही. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर क्षयरोगाच्या रुग्णालयात इप्रोनियाझिड नावाचं औषध देऊन बघत होते. छातीच्या आजारासाठी दिलेल्या त्या औषधाने रुग्णांची मनं उल्हसित झाली, त्यांची भूक वाढली, ते हिंडू-फिरू लागले. गुण आधी दिसला, कारणाचा शोध नंतर सुरू झाला, आणि तो अजून पुरा झालेला नाही. म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा आहे.

गुण येतो का? कितीजणांना?

२०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. २१ औषधं, ५२२ चाचण्या, १ लाख १६ हजारांहून जास्त रुग्ण. प्रौढांच्या नैराश्यात सगळीच्या सगळी औषधं नुसत्या खोट्या गोळीपेक्षा, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेल्या गोळीपेक्षा, सरस ठरली. किती सरस? ते मात्र माफक. अशा चाचण्यांचं साधारण चित्र असं असतं: १०० जणांना खरी गोळी दिली तर सहा-आठ आठवड्यांत जवळपास ५० जणांना चांगला फरक पडतो. खोट्या गोळीवर ३५ ते ४० जणांना पडतो.

हे आकडे ऐकून ताई गप्प झाली. "म्हणजे नाहीच घेतली तरी पस्तीस बऱ्या होतात?"

हो. काहींचं नैराश्य आपसूक उतरतं. काहींना कुणीतरी दर आठवड्याला विचारपूस करतंय याचाच आधार होतो. पण त्या ३५ मध्ये आपण असू की जादाच्या १०-१५ मध्ये, हे आधी सांगणारी चाचणी आज कुणाकडे नाही. आणि त्या १०-१५ जणांसाठी हा फरक अंथरुणात पडून राहणं आणि कामावर परतणं यांच्यातला असू शकतो. अनेक अभ्यासांत असंही दिसलंय, की आजार सौम्य असेल तर खऱ्या-खोट्या गोळीतली फट अगदी बारीक होते, आणि तीव्र असेल तर रुंदावते.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. अमेरिकेत हजारो रुग्णांवर झालेल्या एका सरकारी अभ्यासात, २००६ मध्ये, पहिल्याच औषधाने पूर्ण बरे झालेले साधारण तिघांत एक होते. पहिली गोळी लागू पडली नाही तर "मला कशानेच गुण येत नाही" असं मनात घेऊ नये. औषध बदलतात, मात्रा बदलतात, हे या उपचारात नेहमीचं आहे.

गोळी नको असेल तर दुसरं काय आहे?

इथे जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडे निवड "गोळी की काहीच नाही" अशी होऊन बसते. समुपदेशक शहरात, त्याची फी हजारात, आणि गावात तर नावही नाही. म्हणून गोव्यातलं काम मला फार मोलाचं वाटतं. तिथे 'संगथ' या संस्थेच्या संशोधकांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं आणि सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. रुग्ण सौम्य नव्हते, मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे होते. सहा ते आठ बैठका. त्यांत भर एकाच गोष्टीवर: मन लागेल तेव्हा करू, असं म्हणत सोडून दिलेली कामं लहान तुकड्यांत पुन्हा सुरू करायची आणि त्यानंतर कसं वाटलं ते नोंदवायचं. २०१७ साली छापलेल्या निकालात, तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना केंद्रातले नेहमीचे उपचार थोडे सुधारून मिळाले, त्यांच्यात ३९ टक्के.

म्हणजे बोलण्याचा उपचार हा गप्पा मारून मन हलकं करण्याचा प्रकार नाही. त्याला पद्धत आहे, गृहपाठ आहे. ज्याला अंघोळीलाही उठवत नाही, त्याच्याकडून तो गृहपाठ होणं कठीण. तिथे आधी गोळीने थोडी उभारी येऊ देऊन मग हे काम हाती घ्यावं लागतं. भाऊजींच्या प्राणायामालाही हेच लागू. व्यायामाने सौम्य आणि मध्यम नैराश्यात खरंच फायदा होतो, तो जरूर करावा. पण पायऱ्या चढवत नसलेल्या माणसाला "मन खंबीर कर" म्हटलं की त्याच्या अपराधीपणात तेवढी भर पडते.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि तिथेही केसपेपर काढून, भरती न होता, बाहेरून उपचार मिळतात.

पहिले पंधरा दिवस

त्रास आधी, गुण नंतर: बऱ्याच जणांचा क्रम असा असतो, आणि तो कुणी सांगितलेला नसतो. मळमळ, पोट बिघडणं, डोकं दुखणं, झोप उडणं किंवा जास्त येणं, घाम, आणि कधीकधी सुरुवातीला घालमेल उलट वाढणं. यातलं पुष्कळसं एक-दोन आठवड्यांत निवळतं. म्हणूनच मात्रा ५ ने सुरू करून १० वर नेतात.

न निवळणारा त्रास वेगळा. लैंगिक इच्छा कमी होणं किंवा सुखाचा क्षण न येणं हे या औषधांत वारंवार घडतं, पुरुषांत आणि बायकांत दोघांतही. आपल्याकडे हे डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्ण बोलत नाही. गोळी मात्र गुपचूप बंद होते. बोला. मात्रा किंवा औषध बदलून मार्ग निघू शकतो. काहींना मन बोथट झाल्यासारखं वाटतं, रडू थांबतं तसं हसूही आटतं. तेही सांगण्यासारखंच आहे.

वय २५ च्या आत असेल तर आणखी काळजी. या वयात सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ साली मुलांसाठी ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. याचा अर्थ तरुणांना औषध द्यायचंच नाही असा नाही. घरातल्या कुणीतरी त्या दिवसांत जवळ राहायचं आणि डॉक्टरांनी लवकर लवकर बोलवायचं, असा आहे.

आणि मरणाचे विचार आत्ताच येत असतील, कसं करायचं हेही डोक्यात येत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. आजच कुणाला तरी सोबत घेऊन जवळच्या दवाखान्यात जा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं.

"सवय लागते म्हणे"

ताईच्या मैत्रिणीची जाऊ खोटं बोलत नसावी. पण या एका वाक्यात दोन-तीन वेगळ्या गोष्टी मिसळतात.

दारू-तंबाखूची असते तशी तलफ या गोळ्यांची लागत नाही, आणि तोच परिणाम मिळवायला मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. तरी शरीर त्यांना सरावतं. एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येऊ शकतात. २०२४ च्या एका मोठ्या आढाव्यात, औषध थांबवल्यावर १०० पैकी ३१ जणांना असा त्रास झाला. खोटी गोळी थांबवणाऱ्यांतही १७ जणांना झाला, म्हणजे औषधामुळे झालेला त्रास साधारण १४-१५ जणांचा. गंभीर त्रास जवळपास ३ जणांना. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत तो जास्त असू शकतो, आणि पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन यांत फ्लुओक्सेटिनपेक्षा जास्त दिसतो.

उपाय म्हणजे हळूहळू उतरणं. गडाच्या काही वाटांवर वरच्या पायऱ्या बुटक्या असतात आणि खालच्या दोन-तीन गुडघ्याएवढ्या उंच. गोळीचं तसंच आहे. २० वरून १० वर येताना मेंदूला जेवढा फरक जाणवतो, त्यापेक्षा ५ वरून शून्यावर येताना बराच जास्त जाणवतो. म्हणून शेवटचे टप्पे जास्त लहान हवेत. बरं वाटल्यावर साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात, नैराश्य पुन्हा पुन्हा येत असेल तर जास्त, आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करत आणतात. "एकदा सुरू केली की जन्मभर" असं बहुतेकांच्या बाबतीत नसतं.

आता जावेबद्दलची माझी शंका. आपल्याकडे नैराश्याच्या गोळीबरोबर क्लोनाझेपाम हे औषध सर्रास दिलं जातं, कित्येकदा एकाच गोळीत दोन्ही मिसळून, नावापुढे 'प्लस' लावून. क्लोनाझेपाम झोपेच्या-चिंतेच्या गोळ्यांच्या गटातलं. त्याने पहिल्याच रात्री बरं वाटतं, आणि खरी सवय लागते ती त्याची. सुरुवातीचे दोन-चार आठवडे त्याचा आधार घेणं समजण्यासारखं आहे. पण कित्येकांचं ते वर्षानुवर्षं मेडिकलमधून आणणं चालू राहतं, आणि बदनाम होते नैराश्याची गोळी. चिठ्ठीवरच्या गोळीत एक औषध आहे की दोन, आणि दुसरं कधी थांबणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. मात्र आधीच घेत असाल तर तेही एकदम सोडू नका, त्यात धोका आहे.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगायचं ते

आयुष्यात कधी उलटा काळ आला होता का: दोन-तीन तास झोपूनही उत्साह मावत नाही, बोलणं थांबत नाही, पैसा हातात टिकत नाही? किंवा घरात कुणाला? तसं असेल तर नुसत्या नैराश्याच्या गोळीने मन दुसऱ्या टोकाला उसळू शकतं, आणि उपचार वेगळा लागतो. हे सर्वांत महत्त्वाचं.

त्याखेरीज दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ट्रॅमाडॉल चालू आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत का, गरोदरपण आहे किंवा ठरवताय का, काढे-वनौषधी काय घेता, हे सांगा. सत्तरीच्या आई-वडिलांना सुरू करत असाल तर काही आठवड्यांत सोडियम तपासून घ्या. ते उतरलं तर गोंधळणं आणि पडणं सुरू होतं.

ताईने काय केलं

ती चिठ्ठी घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेली, या वेळी प्रश्न कागदावर लिहून. कुकरच्या शिट्टीचं सांगितलं. पीएचक्यू-९ चे गुण १७ आले, थायरॉइड ठीक होता, उलट्या काळाचा इतिहास नव्हता. डॉक्टरांनी वीस मिनिटं दिली. गोळीत क्लोनाझेपाम नव्हतं, सहाव्या आठवड्यात दोघांनी मिळून पुन्हा बघायचं ठरलं, आणि गुण नसेल तर काय हेही ठरलं. मग ती चिठ्ठी मेडिकलच्या काउंटरवर गेली.

सहावा आठवडा कशावरून मोजायचा, हे तिने आधीच वहीत लिहिलं. तीनच रकाने: पहाटे जाग किती वाजता, डबा स्वतः केला का, आईला फोन केला का. "बरं वाटतंय का" असं कुणी विचारलं की तिला काहीच सांगता यायचं नाही. रकाने भरता यायचे.

आता पाचवा आठवडा चालू आहे. मळमळ नवव्या दिवशी थांबली. पहाटेची जाग तीनवरून पावणेपाचवर सरकली आहे. डब्याच्या रकान्यात या आठवड्यात चार बरोबरच्या खुणा आहेत, फोनच्या रकान्यात एक. पुढच्या गुरुवारी केसपेपर आणि वही घेऊन ती जाणार आहे, आणि भाऊजींनी त्या दिवशी रजा टाकली आहे.